रिकामा रकाना चालत नाही

दवाखान्याच्या जुन्या फोटोंची यादी संग्रहाच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची, म्हणून ती एक्सेलची शीट भरत बसली होती. 'फोटोतल्या व्यक्ती' हा रकाना रिकामा राहिला, की सॉफ्टवेअर अख्खी ओळ तोंडावर फेकायचं. डॉक्टरांची नावं मिळाली, नर्सेसची मिळाली, पाहुण्यांच्या ड्रायव्हरचंसुद्धा तिने शोधून काढलं. कडेला फरशी पुसणारी बाई दिसली, की मात्र 'अज्ञात' टाइप करून ती खालच्या ओळीवर जायची.

"या बायकांना कोणीच ओळखत नाही?" शेजारच्या टेबलावरून सरांनी विचारलं.

"नाही सर. सगळ्यांना विचारलं."

संध्याकाळी शीट बिनबोभाट चढली. सॉफ्टवेअरने प्रत्येक नावाचं एक पान करून त्याचे सगळे फोटो तिथे लावले होते. 'अज्ञात'चंही एक पान झालं होतं. सर हसायला लागले.

"घ्या. जेवढ्या अनोळखी, तेवढ्यांची मिळून एकच बाई करून ठेवली. यंत्राला कुठली अक्कल."

तीही हसली. सर पान खाली सरकवत एकेक फोटो बघत गेले. कुठे पाठमोरी, कुठे वाकलेली. शेवटच्या फोटोत मात्र बाईने मान वर केली होती, आणि तिचं बोट धरून एक शाळकरी मुलगी उभी होती. दोघींच्या हनुवटीला सारखीच खळी.

स्क्रीनकडे बघताना तिने नकळत आपल्या हनुवटीवर हात ठेवला.

"सगळ्यांना विचारलंत," सर हळूच म्हणाले, "घरी आईला विचारायचं राहिलं वाटतं."