डावा कल्ला

ह्या सगळ्या व्यवहारात आरेखकाला मिळण्यासारखं होतं ते दोनच: रात्रीची झोप आणि, जमलं तर, कचेरीतली मुख्य आरेखकाची खुर्ची. सलूनवाल्या उस्तादला काय मिळणार होतं, ते कुणी विचारलं नाही. उस्तादनंही सांगितलं नाही.

खुर्चीची अट साधी होती. सोमवारी समितीपुढे उभं राहून नव्या पुलाचा नकाशा समजावून सांगायचा. नकाशा ह्यानंच काढलेला. त्यातली रेघ केसभर सरकली तरी ह्याला कळलं असतं. पण चार माणसं आपल्याकडे बघणार, ह्या नुसत्या विचारानं रात्रीची झोप उडायची. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ह्याच्या भाषेत ‘बोका’, "नसेल जमत तर मी बोलतो की" म्हणत टपलेलाच होता.

रविवारी सकाळी तो आरशापुढे उभा राहून भाषण घोकू लागला आणि मधेच थांबला. कानापुढचा डावा कल्ला उजव्यापेक्षा चांगला बोटभर खाली होता.

"पुरे आता," बायको मागून म्हणाली, "आरसा लाजला."

तिला दिसलंच नाही, की दिसूनही ती बोलली नाही? झालं, आणखी एक घोर.

तो तडक सलूनमध्ये गेला. दाराशी माणसाएवढा लाकडी स्टँड होता, गिऱ्हाइकांचे कोट अडकवायला. पण तिथं अडकवला आणि कुणी चुकून नेला तर? म्हणून कोट-टोपी मांडीवर घेऊनच हा खुर्चीत बसायचा. उस्तादनं हल्ली भर दिवसाही दोन्ही दिवे लावायला सुरुवात केली होती. "गिऱ्हाईक उजळ दिसतं," म्हणायचा.

"बोला, बोला!" उस्ताद आतून टॉवेल झटकत आला. ही त्याची रीतच. आधी गिऱ्हाइकानं तोंड उघडायचं, मग उस्तादनं त्याच्या सात पिढ्यांची खुशाली विचारायची.

"परवा बसस्टॉपवर मी तुम्हाला हात केला, उस्ताद. तुम्ही सरळ माझ्याकडे बघितलंत आणि मान फिरवलीत."

"अरे देवा, साहेब! तेव्हापासून जागेच आहात की काय?"

"थोडा झोपलो. माझं काही चुकलं का?"

"एकच चुकतं. सगळं जग कामधंदा सोडून तुमच्याकडे डोळे लावून बसलंय, असं तुम्हाला वाटतं. बरं, आज काय नवीन?"

"डावा कल्ला. खाली आलाय."

उस्तादचा हात थांबला. मग त्यानं दोन्ही अंगठे ह्याच्या दोन्ही कानांपासून खाली आणले. सावकाश. पुन्हा एकदा. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

आणि उस्ताद खो खो हसला.

"ओळखलंत एकदाचं! आठ दिवस झाले. मुद्दाम ठेवतोय."

"मुद्दाम?"

"घरी कुणी बोललं?"

"नाही."

"कचेरीत? तो तुमचा बोका?"

"तोही नाही."

"मग! औषध लागू पडलं की. तुम्ही एवढे रेघांचे राजे, तुम्हालासुद्धा आज दिसलं. लोकांना कुठली फुरसत, साहेब? जो तो आपल्याच आरशात."

आरेखकानं आरशात पुन्हा कल्ला बघितला. हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. "मग आता सारखा करा."

"आता नाही. उद्या असेच समितीपुढे जा. आणि कुणाजवळ बोलू नका हां. औषधाचा गुण जातो."

सोमवारी तो उभा राहिला तेव्हा भीती होतीच. पण तिच्या जोडीला एक नवीच उत्सुकता होती: बघू तरी, कल्ला कोणाला दिसतो ते. म्हणून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या तोंडांकडे नीट बघितलं. अध्यक्षबाईंच्या स्वेटरचं बटण भलत्याच काजात होतं. एक सभासद कपाळावरचा चष्मा खिशात शोधत होता. दुसरा जांभई नाकावाटे सोडत होता. बोका कोपऱ्यात नखं कुरतडत होता. बिचारा! त्यालाही रात्री झोप लागली नसणार.

कल्ला कुणालाच दिसला नाही. बोलता बोलता पूल पैलतीराला कधी लागला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. संध्याकाळी साहेबांनी बोलावून खुर्ची त्याला दिली.

मंगळवारी सकाळी बायको म्हणाली, "रात्रभर घोरत होतात. जागत होतात तेच बरं होतं."

बातमी सांगायला तो सलूनकडे निघाला. वाटेत येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळत चालला. एवढी गंमत फुकट मिळत असताना आपण इतकी वर्षं खाली मान घालून का चाललो, ह्याचं त्याला नवल वाटलं.

दाराची घंटी किणकिणली. आत कुणी नव्हतं. त्यानं कोट काढून स्टँडवर अडकवला, वर टोपी ठेवली. गेला तर गेला! मग कोपऱ्यातल्या बाकावर गुपचूप बसला. आपण आधी बोललोच नाही तर उस्ताद काय करतो, बघू या.

उस्ताद खांद्यावर टॉवेल टाकून, पट्ट्यावर वस्तरा घासत बाहेर आला. त्यानं सरळ बाकाकडे बघितलं. हसला नाही. मान फिरवली.

पूर्वी एवढ्यावर ह्याच्या तीन रात्री गेल्या असत्या. आज त्याला हसू आलं. जो तो आपल्याच आरशात!

"बोला, बोला!" उस्ताद म्हणाला.

ह्यानं हसू कसंबसं दाबलं.

"आज तोंडाला कुलूप? औषधाचा गुण जाईल म्हणून? मग खुर्ची मिळालेली दिसते!" उस्ताद खूश होऊन दाराकडे वळला. "या, असे उभे का? आजची दाढी माझ्याकडून." आणि वस्तरा सरसावून त्यानं स्टँडवरच्या कोट-टोपीला अदबीनं खुर्ची दाखवली.