चार बोटं दाब

मागच्या सरकारात रस्ता समोरच्या बाजूने रुंद होणार होता. निवडणूक झाली, रस्त्याने कूस बदलली आणि गंडांतर शिंप्याच्या दुकानाच्या रांगेवर आलं.

सकाळीच रुंदीकरणाचे साहेब रंगाचा डबा घेऊन दुकानात आले आणि कुठवर पाडायचं त्याची लाल रेघ त्यांनी जमिनीवर ओढली. रेघ नागमोडी आली. जन्मभर कापडावर सरळ रेघा मारलेल्या शिंप्याला ते बघवेना.

"द्या इकडे," म्हणत त्याने ओला रंग चिंधीने पुसला, लांब पट्टी लावली आणि स्वतःच्याच दुकानात सुतासारखी सरळ लाल रेघ मारून दिली.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" मशीनवर बसलेली बायको ओरडली.

"अगं, मशीनच्या अलीकडेच आहे. पोटापुरतं उरतंय." बोलता बोलता, हाताच्या सवयीने, त्याने रस्त्याच्या बाजूला चार बोटं सोडून खडूची दुसरी रेघही ओढली.

"ही कशाला?" साहेबांनी विचारलं.

"हा दाब, साहेब. आम्ही नेमक्या मापावर कधीच कापत नाही. थोडं जास्त धरतो, म्हणजे उद्या वाढवायची वेळ आली तर पंचाईत होत नाही."

साहेबांनी मान डोलावली. "पटलं. रस्ताही उद्या वाढवावा लागणारच की!"

 

बायकोला पाय वर घ्यायला सांगून त्यांनी पट्टी मशीनच्या पलीकडे ठेवली आणि लाल रेघ मारली. या वेळी अगदी सरळ आली.