पलंगाखालच्या तबकड्या

रेडिओ काय बोलतोय ते विल्फ क्रॉम्प्टनला पोराच्या तोंडाकडे बघून समजून घ्यावं लागत होतं. उभा जन्म कापडाच्या गिरणीत गेला होता आणि मागांच्या खडखडाटाने दोन्ही कानांची वाट लावली होती. पण गिरणीत तसंही कानांनी कोण ऐकत होतं? तिथे ओठ वाचून गप्पा चालायच्या, भांडणं व्हायची, लग्नंसुद्धा ठरायची. बापाशी बोलताना समोर उभं राहायचं आणि एकेक शब्द सुटा करून बोलायचं, हे नेव्हिलला त्याच्या आईने लहानपणीच शिकवलं होतं. ती गेली, पण पोराची सवय टिकली.

"आधी आजच्या तारखेला काय काय झालं ते सांगतोय," नेव्हिल म्हणाला. "कुठला गाणारा जन्मला, कोण विमानात मेला, कुणाचं गाणं पहिलं आलं." मग तो हसला. "पुढच्या वर्षी आमचंही नाव घेईल, बाबा."

"चहा गार होतोय," विल्फ म्हणाला.

आज मंगळवार. आठवड्यात सगळ्यात जास्त खपलेल्या पन्नास गाण्यांची यादी मंगळवारी दुपारी लंडनहून सांगत. नेव्हिल आणि त्याच्या तीन दोस्तांचं गाणं आज तिच्यात आलं, तर कंपनी त्यांची दहाबारा गाण्यांची मोठी रेकॉर्ड काढणार होती. नाही आलं तर करार संपला. एवढ्यासाठी पोराने बस डेपोतली चांगली नोकरी सोडली होती. "गिटार खाजवून कुणाचं पोट भरलंय?" असं विल्फ त्याला उठता बसता ऐकवत आला होता. म्हणूनच असेल, साऱ्या गल्लीला रेकॉर्ड घ्या म्हणून सांगत फिरलेल्या नेव्हिलने बापाला तेवढं सांगितलं नव्हतं. शिवाय बहिऱ्याला काय सांगायचं.

पण गाणं विल्फला पाठ होतं. नेव्हिल स्वयंपाकघरात सराव करायचा, तेव्हा विल्फ पेपर समोर धरून त्याच्या वरून पोराचे ओठ वाचत बसायचा. बस चुकलेल्या एका मुलीचं गाणं होतं. चाल कशी होती देव जाणे, शब्द मात्र चांगले होते. शेवटच्या ओळीला तो पेपर आणखी वर धरायचा. मग तो उगाचच, भांडी कोण घासणार, म्हणून ओरडायचा.

गेल्या आठवड्यात तो गुपचूप गावातल्या रेकॉर्डच्या दुकानात गेला आणि पोराच्या गाण्याची एक तबकडी मागितली. गल्ल्यावर मॉरीन होती, विणकरणीची पोर. मालक शेजारीच उभा होता. गिरणीतल्या बायका मुकादमासमोर बोलत, तसं तिने आवाज न काढता नुसते ओठ हलवले. "काका, कुणाला सांगू नका. ती यादी करणारे आमच्या दुकानाचा खप मोजतात. सगळ्यांचा नाही मोजत, अशी दुकानं मोजकीच आहेत."

विल्फने मान डोलावली आणि होत्या तेवढ्या सगळ्या तबकड्या घेतल्या.

"लग्नात वाटायच्यात वाटतं," मॉरीन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नव्या आल्या, त्याही त्याने उचलल्या. ब्लॅकपूलला समुद्रावर सुट्टीला जायचे म्हणून राखलेले पैसे संपेपर्यंत तो रोज जात राहिला. घरी आला की गठ्ठा पलंगाखाली सरकवायचा आणि वर जरा वेळ बसायचा. पोरासाठी आपण काहीतरी केलं, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं.

आता नेव्हिलचे ओठ रेडिओमागून एकेक नाव म्हणत होते. नावं संपत आली तसे ते सावकाश झाले, मग थांबले. त्याने रेडिओ बंद केला.

"नाही आलं," तो म्हणाला.

"सगळी वाचली?"

"सगळी."

विल्फला कळेना. एवढ्या घेतल्या, मग गेल्या कुठे? त्याला मॉरीनचा राग आला. कार्टीने थाप मारली असणार.

तेवढ्यात नेव्हिल फोनकडे धावला. वाजला असणार. बँडसाठी म्हणून हौसेने घेतलेला फोन. तो भिंतीकडे तोंड करून बोलत होता, त्यामुळे विल्फला नुसती पाठ दिसत होती. ती हळूहळू वाकत गेली. रिसीव्हर ठेवल्यावरही तो बराच वेळ वळला नाही. वळला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कंपनीचा माणूस होता. गाणं चाललं होतं, बाबा. मँचेस्टरला, लीड्सला, पार ग्लासगोपर्यंत. चाळिसाच्या आत येत होतं."

"मग?"

"आपल्या गावात कुणीतरी एकाच दुकानातून रोज गठ्ठेच्या गठ्ठे घेतले. यादीवाल्यांना वाटलं, कंपनीनेच माणूस पाठवला. लबाडी म्हणून आमचं नावच खोडलं. आता कंपनीने हात वर केले. संपलं सगळं."

विल्फने खुर्चीचा हात घट्ट धरला. डोक्यावरच्या खोलीत, पलंगाखाली, त्या सगळ्या तबकड्या कोऱ्या करकरीत पडल्या होत्या. त्यातली एकही त्याने पाकिटातून बाहेर काढली नव्हती. सांगून टाकावं, असं त्याला वाटलं.

"एवढा वैरी कोण असेल माझा?" नेव्हिल म्हणाला. "आपल्याच गावात?"

विल्फने ते वाचलं. एक शब्दही निसटला नव्हता. तरी त्याने हात कानामागे नेला, एरवी कधीही नेत नसे तसा.

"काय म्हणालास?"

नेव्हिल जवळ आला, बापाच्या अगदी समोर उभा राहिला आणि तेच पुन्हा म्हणाला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून.