एकाच कारखान्याच्या दोन पिकअप

आमच्या मंडपाच्या गोदामासमोर दोन कंपन्यांच्या दोन पिकअप उभ्या होत्या. माझ्या थोरल्या भानुदासला पांढरी हवी होती, धाकट्या सोपानला करडी. धंदा एक, गाडीही एकच घ्यायची, म्हणून निकाल माझ्याकडे आला.

मी दोन्हींची दारं उघडून पाहिली, मागच्या फळ्यांवर थाप मारली, सामानाचा हौदा वितीनं मोजला. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले, पण डोळे फुटलेले नाहीत. रंग, जाळी आणि पुढचं नाव सोडलं, तर दोन्ही गाड्या सारख्याच.

गाड्या दाखवायला आलेल्या माणसाला विचारलं, "काय रे, एकाच पातेल्यातली आमटी दोन वाट्यांत वाढतोस होय?"

तो ओशाळून हसला. "आजी, कारखाना एकच, मालकही एकच. नावं तेवढी दोन."

"ऐकलंत का, शहाण्यांनो? घ्या कुठलीही, आणि लग्नाचे बांबू भरा."

सोपान खाली बघत म्हणाला, "दादा घेईल ती मला नको. मला माझी वेगळी पाहिजे. धंदाही."

एरवी सरपंचालाही उभा सोलणारी मी, पण तेव्हा भानुदासकडेच बघितलं, तो तरी भांडेल म्हणून. भानुदासनं हुज्जतही घातली नाही. तो गोदामात शिरला आणि कापडाचे गठ्ठे दोन बाजूंना लावायला लागला. सोपान बांबू वेगळे करू लागला. मी मधल्या गठ्ठ्यावर जाऊन बसले. म्हटलं, बघू मला कोण उठवतं.

"आई, जरा सरक," भानुदास हळूच म्हणाला, "तो गठ्ठा सोपानच्या वाट्याचा आहे."

मी सरकले.