रेघेच्या पुढे चार बोटं

पुलाखाली लोंबकळणाऱ्या तपासणीच्या पाळण्यात ती उभी होती आणि तिचा खडू तुळईवर टेकून तसाच राहिला होता. महिन्यापूर्वी भेगेच्या टोकाशी आडवी रेघ ओढून तिनेच तारीख घातली होती. भेग रेघ ओलांडून चार बोटं पुढे गेली होती. पोलाद घासून, भेग उठून दिसावी म्हणून लाल रंग भरून तिने दोनदा खात्री केली. भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.

वरून ट्रक गेला. तुळई थरथरली.

पूल पडला तर आधी आपलाच नंबर, असं पाळणा चालवणारे काका म्हणाले. दर फेरीला ते हेच म्हणत. ती सवयीने हसली.

तिने साहेबांना फोन लावला. साहेब चिडले नाहीत, उलट समजूत घालू लागले. पूल बंद करायचा म्हणजे ट्रक-बसना चाळीस किलोमीटरचा वळसा, लोकांची बोंबाबोंब, वरून विचारणा. सोमवारी बैठक आहेच, तोवर ‘लक्ष ठेवावे’ एवढं लिहा आणि मोकळ्या व्हा. याआधी तीन पुलांपायी ती भांडली होती आणि तिन्ही वेळा तोंडावर आपटली होती. आता भांडण अंगात उरलं नव्हतं. बरं, म्हणाली. लिहिलं. सही ठोकली.

मग घरी फोन केला. सासूबाईंना सांगितलं, उद्यापासून छोटीला शाळेच्या बसने पाठवू नका. ह्यांना स्कूटरवरून सोडायला सांगा, जुन्या रस्त्याने. लांब पडतं, माहितीये, थोडं लवकर उठवा. सासूबाईंनी कारण विचारलं. पुलावर धूळ फार असते, ती म्हणाली. खोकल्याचं औषध कुठे ठेवलंय, तेही त्याच आवाजात सांगितलं.

पाळणा वर, पुलावर उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीपाशी आला. कामासाठी एक लेन शंकू लावून अडवली होती. दुसरीवरून गाड्या धडाधड जात होत्या. काकांनी कमरेचा पट्टा सोडला.

“त्या बसमध्ये किती पोरं असतात, मॅडम?”

“अठ्ठावीस,” ती म्हणाली. “आता सत्तावीस.”

दोन ट्रक आणि एक टँकर गेले. मग तिने वाकून जवळचा शंकू उचलला.

“काका, गाडी आडवी लावा. दोन्ही लेन.”