न फुटणारी संख्या

साडेचार वाजून गेले तरी बदलापूरचे पाहुणे येईनात, आणि कुंदाचा पाय घरात ठरेना.

"गप बस की जरा," आई, बनूबाई, वैतागली. "उंबरा झिजवशील."

घोळ कुंदानेच घातला होता. मागच्या रविवारी बघायला आलेला सुदाम शाळेत गणित शिकवतो, हे कळताच तिने वहीचं पान टर्रकन फाडून त्यावर १०,२२,११७ लिहिलं. "एक आणि ती स्वतः सोडून हिला आणखी कशाने पुरता भाग जातो, ते आठ दिवसांत सांगा. सांगितलंत तर लग्नाला तयार. नाहीतर मी एम.एस्सी. करणार."

तिचे वडील बाळाजी कारखान्यात फिटर. ते खो खो हसले. "अगं, मास्तर हायेत ते. उद्याच फोडतील. नाय फुटली तर शीक, जा, माझा शब्द!"

कुंदाही मनात हसली होती. कारण ती संख्या फुटणारी नव्हतीच. दिवाळीच्या सुट्टीत खपून तिने कॉलेजच्या तक्त्यातल्या साऱ्या मूळ संख्यांनी, दोनपासून ९९७ पर्यंत, भाग घालून पाहिला होता. भाग वर्गमूळापर्यंतच घालून पाहावा लागतो; तक्ता हजाराला संपायचा आणि या संख्येचं वर्गमूळही हजाराच्या जेमतेम वर. मग राहिलं काय?

तरी आठवडाभर तिचा जीव टांगणीला लागला होता. काल सगळं घर चैत्यभूमीला गेलं, तर तिथल्या रांगेतही ती मनातल्या मनात तेराने भागत होती. बाकी उरली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

साडेपाचला सुदाम आला. एकटाच.

"जयभीम, काका."

"जयभीम, मास्तर! काय, फुटली का?"

सुदामने खिशातून तोच कागद काढला, पण घडी उघडली नाही. तो कुंदाकडे वळला.

"एम.एस्सी. करायचीच आहे तुम्हाला?"

"हो."

"लोकांना दाखवायला, की मनापासून?"

कुंदाला रागच आला. "सुट्टीभर भागाकार कोण मनाविरुद्ध करतं?"

तो घडीवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "काका, हरलो. नाय फुटत."

बाळाजींचा चेहरा उतरला. पण शब्द दिला होता. "बरं. शीक बाई," ते म्हणाले. कुंदाला नाचावंसं वाटलं. त्याची थोडी कीवही आली. एवढा मास्तर, आणि एका पोरीच्या संख्येपुढे हात टेकले!

अर्धा चहा ठेवून तो उठला. दारात त्याने कागद तिच्या हाती दिला. "तुमचा आहे. हजाराच्या पुढेही बघत जा."

तो गल्लीच्या वळणाला दिसेनासा झाल्यावर तिने घडी उघडली. तिच्या संख्येखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, १००९ × १०१३. आणि त्याखाली तारीख होती, गेल्या सोमवारची.