फीबीचा काळा झगा

“निळाच झगा घालायचा, वहिनी,” जेबेझ एल्डरकिन जेवता जेवता म्हणाला. “उद्या चर्चमध्ये सगळं न्यूपोर्ट आपल्या बाकाकडे बघणार आहे.”

फीबीने सासूच्या ताटलीत खारवलेला कॉड मासा वाढला. तिचा नवरा सायलस आरमारात कप्तान होता. त्याची युद्धनौका घरी यायला निघाली होती, पण मोठ्या वादळानंतर तिची काहीच खबर नव्हती.

“आणि काळा घातला तर?”

“तर सोमवारी बँकेच्या दारात रांग! पाटीवर नाव माझं, पण लोक पैसे ठेवतात ते सायलसकडे बघून. तो गेला असं नुसतं वाटलं तरी सगळे धावत सुटतील. आणि सोमवारीच मला ‘प्रूडन्स’ जहाजाचा शिधा भरायचाय.”

“कुठे निघालंय ते?”

“कागदोपत्री क्यूबाला, उसाची मळी आणायला.”

“आणि खरं?”

“खरं आफ्रिकेला, गिनीच्या किनाऱ्यावर.”

फीबीचा हात थांबला. “माणसं विकायला आणणं कायद्यानं बंद झालंय, भावजी. शिवाय अर्धी बिचारी वाटेतच मरतात म्हणे.”

“म्हणून तर जास्त भरायची,” जेबेझ हसला. “हे तुमचं रेशीम काय प्रार्थनेतून येतं?”

“जेबेझ!” सासूबाई मेहिटेबल म्हणाल्या. मग सुनेकडे वळून त्यांनी आवाज हळू केला. “तो तोंडाचा फटकळ आहे, पण त्याचं ऐक, बाई. सायलसचं काय ते कळेपर्यंत घराची अब्रू सांभाळू या.”

दुपारी मासेवाली डॉर्कस मागच्या दाराशी आली. तिचा नवरा होडी घेऊन खोल समुद्रात जाई आणि येणाऱ्या जहाजांना बंदराची वाट दाखवी. समुद्रावरची बातमी त्यामुळे गावाआधी तिला कळे. फीबीचा हात धरून ती हळू आवाजात काही बोलली. फीबी मटकन पायरीवर बसली आणि तोंडाला एप्रन लावून हुंदके देऊ लागली.

“एवढ्यात कुणाला बोलू नकोस, डॉर्कस. घरच्यांना मीच सांगेन.”

“लवकर सांगा बाई. असलं काही पोटात राहत नाही.”

फीबी खोलीत जाऊन बराच वेळ गुडघे टेकून बसली. उठली ती पेटीकडे गेली. आई वारली तेव्हाचा काळा झगा तळाशी होता. तो काढून तिने झटकला.

रविवारी ती सगळ्यांच्या मागून चर्चमध्ये शिरली, तेव्हा स्तोत्र मध्येच अडखळलं. जेबेझचा चेहरा पांढराफटक पडला. मेहिटेबलबाई जागेवरच कोसळल्या.

“फार वाईट झालं गं,” बायका फीबीचे हात हातात घेऊन म्हणाल्या. ती नुसती मान खाली घालून उभी राहिली.

सोमवारी उजाडायच्या आत रांग लागली. खलाशी, सुतार, विधवा, दोरखंडवाले, सगळे आले. ज्याचं त्याला मिळालं, कुणाचं बुडालं नाही. पण शेवटच्यांना द्यायला जेबेझला ‘प्रूडन्स’ विकावं लागलं. व्हेलचं तेल विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने ते घेतलं. बँकेच्या दाराला कुलूप लागलं.

“झालं समाधान?” जेबेझ स्वयंपाकघराच्या दारातून ओरडला. “एक रविवार दम धरवला नाही तुला! तीन पिढ्यांचं घर बुडवलंस!” आणि धाडकन दार लावून तो निघून गेला.

मेहिटेबलबाई चुलीपाशी बसल्या होत्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते.

“गेलं ते गेलं,” त्या म्हणाल्या. “तुझ्या पेटीत आणखी काळं कापड असेल तर मलाही दे. आता तरी मला माझ्या पोराचा शोक करू दे.”

फीबी त्यांच्या पायाशी बसली. तिने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

“तुम्ही नका घालू, आई. सायलस सुखरूप आहेत. वादळात डोलकाठी मोडली एवढंच, उद्या बंदराला लागतील. हे काळं मी त्यांच्यासाठी घातलेलं नाही.”